काचेआडची जेट विमाने

मी ज्या गावी राहतो त्या तुकईथडला विमान आम्हांला दिसते ते नेहमी खालून. बऱ्हाणपूर जिल्ह्यातले, सातपुड्याच्या कुशीतले आणि मेळघाटाच्या शेजारचे हे गाव. येथे कानांवर मराठी पडते, निमाडी पडते आणि कोरकूही पडते. हिवाळ्यातल्या एखाद्या स्वच्छ संध्याकाळी डोक्यावरून, फार उंचावरून, एक चकाकता ठिपका सरकत जातो आणि त्याच्यामागे खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटत राहते. ती रेघ धुराची नव्हे. जेट इंजिनातून बाहेर पडलेली वाफ त्या उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत गोठते आणि तिचे बर्फकण होतात. कापूस वेचणाऱ्या बायका क्षणभर मान वर करतात, मुले बोटे दाखवितात, आणि पुन्हा जो तो आपल्या कामाला लागतो.

अशा गावातील एका शिक्षकाने आपल्या घरात बावीस उतारू-जेट विमाने बाळगावीत, ही गोष्ट पुष्कळांना चमत्कारिक वाटते. पुस्तकांच्या एका जुन्या कपाटाला काचा बसवून मी ती मांडली आहेत. त्यांतले सर्वांत मोठे विमान हातभरापेक्षा लहान आणि सर्वांत लहान करंगळीएवढे आहे. “पोरांची खेळणी” असे म्हणून पाहुणे हसतात. त्यांचे हसणे मला मुळीच लागत नाही. परंतु खेळणे आणि प्रतिकृती यांत काय अंतर आहे, आणि ते अंतर राखण्यासाठी एवढा खटाटोप कशासाठी करावा, हे आज आपल्याला सांगावे असे मनात आहे.

खेळण्याला विमानासारखे दिसले म्हणजे पुरते. प्रतिकृतीला मात्र एका विशिष्ट विमानासारखे दिसावे लागते. त्यासाठी पहिली अट प्रमाणाची. एकास चारशे या प्रमाणाने केलेल्या प्रतिकृतीत मूळ विमानाचे प्रत्येक माप चारशेने भागलेले असते. एअर इंडियाने १९६० साली आणलेले बोइंग ७०७ सुमारे ४६.६ मीटर लांबीचे होते. या प्रमाणाने ते पावणेबारा सेंटिमीटरांचे होते. १९७१ साली आलेले जंबो, म्हणजे बोइंग ७४७, सत्तर मीटरांहून थोडे अधिक लांब. ते साडेसतरा सेंटिमीटरांच्या किंचित वर जाते. आणि ज्याने जेट-युगाला आरंभ केला ते पहिले कॉमेट केवळ सवाअठ्ठावीस मीटरांचे, म्हणून ते सात सेंटिमीटरांवर येऊन थांबते. ही तिन्ही एका फळीवर शेजारी ठेवली की जेमतेम दोन दशकांत उतारू-जेट केवढे वाढले हे शाळकरी मुलालाही कळते. संग्राहक एकास दोनशे, एकास एकशे चव्वेचाळीस किंवा एकास पाचशे अशीही प्रमाणे वापरतात. कोणते घ्यावे हे कपाटाच्या रुंदीवर आणि खिशाच्या खोलीवर ठरवावे. परंतु एका फळीवर दोन प्रमाणे मिसळू नयेत, एवढे पथ्य मात्र पाळावे. एकास दोनशेचे कॉमेट एकास चारशेच्या जंबोजवळ ठेवले, तर बापलेक जवळजवळ एका उंचीचे दिसू लागतात आणि मांडणी खोटे बोलते.

दुसरी अट ओळखीच्या खुणांची. येथेच या छंदाची खरी गोडी आहे. कॉमेटचेच पाहा. २ मे १९५२ रोजी लंडनहून जोहान्सबर्गला उतारू घेऊन निघालेले हे जगातील पहिले जेट. त्याच वर्षीच्या ऑगस्टात ते लंडन–कोलंबो मार्गावर येऊन मुंबईलाही उतरू लागले. त्याची चार इंजिने पंखांखाली टांगलेली नाहीत. पंख जेथे धडाला मिळतात तेथे आतच दडविलेली आहेत. त्यामुळे त्याचा आकार असा निर्वेध दिसतो की आजही त्याच्याइतके देखणे उतारू-विमान झाले नाही, असे माझे मत आहे. परंतु त्याच्या नशिबी फार मोठे दुःख होते. २ मे १९५३ रोजी, म्हणजे बरोबर वर्षाने, कलकत्त्याहून दिल्लीकडे निघालेले कॉमेट वादळात सापडून कोसळले आणि ४३ माणसे गेली. पुढील वर्षी जानेवारीत एल्बा बेटाजवळ एक आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी एक अशी दोन कॉमेटे हवेतच फुटली. इंग्लंडातील फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या प्रचंड कुंडात ठेवून, उड्डाणात हवेचा दाब चढतो व उतरतो तसा पाण्याचा दाब पुनःपुन्हा चढवून-उतरवून पाहण्यात आला, तेव्हा धातू थकतो आणि चिरतो हे सिद्ध झाले. सर्वसामान्य समजूत अशी की दोष खिडक्या चौकोनी असण्याचा होता. समजूत अगदीच निराधार नाही. कारण कोपऱ्यांशी ताण साठतो हे खरेच. परंतु एल्बाजवळच्या समुद्रातून काढलेल्या अवशेषांत चीर सुरू झाली होती ती छतावरच्या, रेडिओच्या आकाशकासाठी ठेवलेल्या झरोक्याच्या कोपऱ्यापाशी. त्यानंतरच्या कॉमेटांना गोल कडांच्या खिडक्या आल्या. एकास चारशेच्या प्रतिकृतीत अशी एक खिडकी जेमतेम मिलिमीटरभर असते. ती चौकोनी आहे की वाटोळी हे पाहण्यासाठी मी भिंग वापरतो. पहिल्या कॉमेटाला वाटोळ्या खिडक्या काढणारा कारागीर मला क्षमा करण्याजोगा वाटत नाही.

इंडियन एअरलाइन्सकडे १९६४ साली आलेले फ्रेंच कॅराव्हेल ओळखण्यास सर्वांत सोपे. त्याच्या खिडक्या गोलसर कोपऱ्यांच्या त्रिकोणासारख्या, आणि दोन्ही इंजिने शेपटीजवळ धडाला चिकटविलेली. गंमत अशी की त्याचे नाक कॉमेटच्याच आराखड्यावरून घेतलेले आहे. दोन्ही प्रतिकृती समोरून पाहा. भावंडांसारखे साम्य दिसेल.

आता बोइंग ७०७. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण माझी सर्वांत मोठी फसगत याच विमानाने केली. एअर इंडियाच्या पहिल्या ७०७ विमानांना हिमालयाच्या शिखरांची नावे दिली होती: नंदादेवी, गौरीशंकर, कांचनगंगा, अन्नपूर्णा. या ताफ्याच्या बळावरच १९६२ साली एअर इंडियाने पंख्यांची जुनी विमाने बाजूला काढली आणि सर्वच्या सर्व जेट विमाने असलेली जगातील पहिली कंपनी असा लौकिक मिळविला. या पहिल्या विमानांना रोल्स-रॉइसची कॉन्वे इंजिने होती. त्यांची वेष्टने पुढून मागपर्यंत जवळजवळ एकसारख्या जाडीची, आणि शेवटी आवाज कमी करण्यासाठी पन्हाळी पाडलेले तोंड. नंतर आलेल्या ७०७ विमानांची इंजिने अमेरिकन. त्यांचा पुढचा भाग फुगीर आणि मागचा बारीक, जणू मनगटावर बाही वर सारली आहे. दुसरी खूण शेपटीखाली. ब्रिटिश परीक्षकांनी या जातीच्या विमानाची कसून परीक्षा घेतली, आणि विमानाचे तोंड एका अंगाला झुकू लागले तर वैमानिकाला ते सावरणे सुलभ जावे म्हणून उभी शेपटी उंच करावयास लावली व तिच्या खालच्या अंगालाही एक लहानसा पंख बसवावयास लावला. म्हणून कॉन्वे इंजिनाच्या ७०७ ला शेपटीखाली हे कंगोऱ्यासारखे पाते असते.

काही वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने, महिन्याच्या पगाराला कात्री लावून, ‘गौरीशंकर’ची प्रतिकृती मागविली. डबा उघडला. नाव बरोबर, क्रमांक व्हीटी-डीजेजे बरोबर, पांढऱ्या अंगावरचा तांबडा पट्टाही बरोबर. परंतु इंजिने फुगीर बाह्यांची आणि शेपटीखाली पाते नाही! दुसऱ्याच विमानाच्या धडावर ‘गौरीशंकर’चे नाव घातले होते. विकणाऱ्याला लिहिले, तर त्याने उलट विचारले की एवढ्याने काय बिघडते? त्याला काय उत्तर द्यावे हे मला त्या वेळी सुचले नाही. ती प्रतिकृती मी परत पाठविली नाही. खालच्या फळीवर ठेवली आहे आणि तिच्यापुढच्या चिठ्ठीत तिचे दोन्ही दोष नमूद केले आहेत. मुलांना ती फार आवडते. चूक शोधण्याचा आनंद त्यांना कोठे मिळत नाही.

ही विमाने येतात कोठून, असे आपण विचाराल. जुन्या काळी त्यांचे खरे घर म्हणजे विमान कंपन्यांच्या आणि प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्यांच्या कचेऱ्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावे म्हणून दर्शनी काचेत हात-दोन हात लांबीचे विमान एका तिरप्या दांडीवर उभे केलेले असे, आणि कोठे कोठे त्याच्या शेजारी कमरेत वाकून मुजरा करणारे महाराजाही असत. तिकिटे घरबसल्या मिळू लागली तशा पुष्कळ कचेऱ्या बंद झाल्या आणि ही विमाने अडगळीत गेली. माझ्या संग्रहातले पहिले विमान अशाच एका कचेरीच्या आवराआवरीत मला मिळाले. एका शहरात कामासाठी गेलो होतो. फुटपाथवर मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात एक जंबो पालथे पडले होते. उजव्या पंखाचे टोक मोडलेले. हमालाने ते वीस रुपयांना दिले आणि मी खंडव्यापर्यंत ते मांडीवर घेऊन आलो. त्याच्या खिडक्यांभोवती तांबड्या रंगाच्या झरोक्यांच्या महिरपी काढलेल्या आहेत. एअर इंडियाचे जंबो म्हणजे आकाशातला राजवाडा, अशी कंपनीची जाहिरात होती. त्या राजवाड्याला शोभतील अशाच खिडक्या हव्यात, ही कल्पना मला अजूनही मोठी रसिक वाटते. मोडलेले टोक मी बसविले नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडण्याचा. इंग्लंडातील एअरफिक्स या प्रसिद्ध कंपनीच्या संचांत कॉमेट आणि कॅराव्हेल दोन्ही होती. असे संच जोडताना विमान समजते तसे तयार विमान विकत घेऊन समजत नाही. तिसरा मार्ग जस्ताच्या मिश्रधातूत ओतलेल्या प्रतिकृतींचा. डिंकी या कंपनीने १९५० च्या दशकात कॉमेट आणि कॅराव्हेल अशी ओतीव विमाने मुलांसाठी काढली होती. जुनी ओतीव वस्तू घेताना सावध असावे. धातूत शिशाचा अंश मिसळला असेल तर काही वर्षांनी ती आतून फुगते, बारीक चिरा पडतात आणि शेवटी हातात भुगा येतो. याला औषध नाही.

जोपासनेविषयी थोडे सांगतो, कारण आमच्या निमाडातली हवा या नाजूक वस्तूंना मुळीच अनुकूल नाही. वैशाखात पत्र्याखाली ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या विमानाचे पंख लवतात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. ऊन थेट पडले तर पांढरा रंग पिवळा होतो. म्हणून कपाट उत्तरेच्या भिंतीला, खिडकीपासून दूर. पावसाळ्यात दांड्या गंजतात, त्यासाठी ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुरचुंड्या ठेवाव्यात आणि त्या मधून मधून वाळवाव्यात. धूळ झटकण्यास फडके वापरू नये. मऊ कुंचला वापरावा, नाही तर ७०७ च्या शेपटीच्या शेंड्यावरचा पुढे आलेला बारीक काटा हटकून मोडतो. आणि एक चूक मी केली ती आपण करू नये. किडे येऊ नयेत म्हणून कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडले आणि एका कॅराव्हेलच्या पाठीवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला.

एवढे सर्व झाल्यावर मांडणी पुरी झाली असे मी समजत होतो. ते तसे नव्हते, हे मला एका मुलाने दाखविले. दर वर्षी सातवीचा वर्ग मी हे कपाट पाहण्यास घरी बोलावितो. एकदा एक मुलगा, जो वर्गात सहसा तोंड उघडत नसे, बराच वेळ काचेला नाक लावून उभा होता. त्याने विचारले, “गुरुजी, हे विमान आता कुठं असतं?” त्याचे बोट कांचनगंगेवर होते. मी उत्तर दिले. मग त्याने शेजारच्यावर बोट ठेवले आणि तेच विचारले, मग पुढच्यावर. त्या दिवशी मला कळले की मापे, खिडक्या, इंजिने हे सारे मी पाठ केले होते, परंतु या साध्या प्रश्नाचे उत्तर कपाटात कोठेही लिहिलेले नव्हते.

ती उत्तरे आपल्यालाही सांगतो. व्हीटी-डीएमएन, कांचनगंगा: २४ जानेवारी १९६६ रोजी जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असता मों ब्लां पर्वतावर आदळले. विमानातील ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही, त्यांत डॉ. होमी भाभा होते. त्याच पर्वतावर १९५० साली एअर इंडियाचेच ‘मलबार प्रिन्सेस’ आदळले होते. तेथील हिमनदी अजूनही अवशेष परत देते; २०२० च्या उन्हाळ्यात तिच्या वितळत्या बर्फातून १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे बाहेर आली आणि त्यांवर इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी वाचता येत होती. व्हीटी-डीजेजे, गौरीशंकर: २२ जून १९८२, मुंबई, भर पावसात उतरताना, १११ पैकी १७ जण गेले. व्हीटी-ईबीडी, सम्राट अशोक, एअर इंडियाचे पहिले जंबो: १ जानेवारी १९७८, मुंबईहून दुबईला निघाल्यावर थोड्याच वेळात वांद्र्यासमोरच्या समुद्रात; २१३. व्हीटी-ईएफओ, सम्राट कनिष्क: २३ जून १९८५, आयर्लंडजवळ, घातपाताच्या स्फोटाने, ३२९. बाकीच्या बहुतेकांचे उत्तर एका शब्दाचे आहे: मोडीत.

या चिठ्ठ्या लिहून लावल्यावर एक वाद उभा राहिला. आमच्याकडे आलेले एक वयोवृद्ध नातेवाईक त्या वाचून अस्वस्थ झाले आणि म्हणाले, “घरात स्मशान कशाला मांडलंस? पडलेली विमानं काढून ठेव. राहिलेली मांड.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. अपघाती विमानांच्याच प्रतिकृती हौसेने जमविणारे लोक जगात आहेत आणि त्यांच्या हौसेची मलाही किळस येते. तीन रात्री मी विचार केला. कनिष्क कपाटातून काढले, कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. परंतु त्या मोकळ्या जागेकडे पाहिले की वाटे, आता हे कपाट त्या जाहिरातीसारखे झाले. सर्व विमाने चकचकीत, सर्व वेळेवर पोहोचणारी. शेवटी मी ते परत आणून, वर्षांच्या क्रमाने जेथे होते तेथेच ठेवले. पडलेल्यांसाठी वेगळी फळी नाही, काळी चौकट नाही, उदबत्ती नाही. चिठ्ठीचा कागद सर्वांना एकच. नातेवाईक अजून येतात. त्या बाजूला पाहत नाहीत, आणि मीही त्यांना दाखवीत नाही.

मूळ यंत्रे जपून ठेवण्याचे भाग्य फार थोड्यांना लाभते. ७०७ ज्याच्यापासून निघाले ते बोइंगचे पहिले नमुना-विमान वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. क्वांटास कंपनीचे एक ७०७ दुरुस्त करून ऑस्ट्रेलियातील लाँगरीच येथे ठेविले आहे. एवढ्या मोठ्या वस्तूला छप्पर आणि पैसा दोन्ही लागतात. एअर इंडियाच्या शेवटच्या जंबोने २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबई सोडली. त्याचे नाव आग्रा. धावपट्टीवरून उठल्यावर वैमानिकाने पंख किंचित हलवून निरोप घेतला आणि ते अमेरिकेस सुटे भाग काढून घेण्यासाठी गेले. त्या रात्री मी आग्र्याची चिठ्ठी बदलली. प्रतिकृतीच्या चिठ्ठीतला काळ असा बदलावा लागतो. ‘आहे’चे ‘होते’ करावे लागते.

रेल्वेच्या बाबतीत आपल्या मराठी मुलखात हे काम अधिक नेटाने झाले आहे. पुण्याच्या कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून आहे; तेथे लहान गाड्या खरोखर धावतात, सिग्नल पडतात, फाटके लागतात. विमानाच्या प्रतिकृतीला हे सुख नाही. ती उडत नाही. नुसती उभी असते.

आणि आमच्या तुकईथडचे काय? आमच्या गावावरून अकोला–खंडवा ही मीटर गेजची गाडी पन्नासहून अधिक वर्षे जात होती. धूळघाटाला रूळ वळसा घेऊन आपल्याच डोक्यावरून जातात, ते पाहण्यासाठी मुले खिडकीशी भांडत. २०१७ च्या आरंभी ती गाडी बंद झाली. मी बावीस जेटांचे क्रमांक आपल्याला न पाहता सांगू शकतो. पण ज्या गाडीने मी आयुष्यभर प्रवास केला तिच्या एकाही इंजिनाचा क्रमांक मला ठाऊक नव्हता. गेल्या वर्षी तोच अबोल मुलगा, आता तो खंडव्यास शिकतो, पुठ्ठ्याचे एक इंजिन करून घेऊन आला. वायडीएम-४ जातीचे, मीटर गेजचे, पुष्कळसे बरोबर. प्रमाण त्याने एकास सत्त्याऐंशी घेतले होते, म्हणून ते विमानांच्या फळीवर बसेना. मी त्याला सर्वांत खालची फळी मोकळी करून दिली. चिठ्ठी त्यानेच लिहिली. क्रमांकाची जागा कोरी आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त खलाशी आहेत, त्यांच्याकडे जुनी वही आहे म्हणतात. येत्या रविवारी आम्ही दोघे त्यांच्याकडे जाणार आहोत.